कोरालेसचं बंद गेट

"उतरायचं तिथेच उतरणार आहे मी," हिरव्या मिरचीच्या बरीटोचा शेवटचा घास तोंडात कोंबत लॉर्ना म्हणाली. "तू फक्त आरव्ही वेळेवर गेटपाशी आण."

"बलूनला सुकाणू नसतं, बाईसाहेब," तिचा नवरा क्लेटन म्हणाला. "वारा नेईल तिकडे जायचं. तीस वर्षं हेच ऐकवत आलीस ना मला?"

"वाराच नेतो. पण कोणत्या वाऱ्यात बसायचं ते मी ठरवते."

क्लेटनने कप विसळले.

नेब्रास्काहून दोन दिवस आरव्ही, म्हणजे आपलं चाकांवरचं घर, हाकत, मागे गरम हवेच्या बलूनचा ट्रेलर ओढत, दोघं दर ऑक्टोबरला अल्बुकर्कीला येत. बाकीचे बलूनच्या उत्सवाला येत. लॉर्ना आईसाठी येई. वडील गेले तेव्हा तिचा भाऊ ड्वेन आईला नदीपलीकडे कोरालेसला आपल्या घरी घेऊन गेला आणि त्याने गेटला कुलूप घातलं. त्याला चार वर्षं झाली. फोन केला की एकच उत्तर, "आई झोपलीय." सकाळी झोपलीय, दुपारी झोपलीय. पत्रं न फोडता परत येत. एकदा शेरीफचा पोलीस जाऊन आला. ड्वेन खांद्यावर हात ठेवून शेजारी उभा असताना म्हातारीने "मी बरी आहे" एवढंच सांगितलं. त्याच्यासमोर दुसरं काय सांगणार बिचारी!

गेटवर दोन कुत्री होती. आकाशाला मात्र गेट नव्हतं.

बलूनवाल्यांची एक रीत आहे. ज्याच्या आवारात उतराल त्याच्या हातात शॅम्पेनची बाटली द्यायची. तोही कुत्री बांधतो, सामान न्यायला गेट उघडतो आणि बलून आवरायला हात लावतो. कोरालेसमध्ये ही रीत मोडणाऱ्याला शेजारीपाजारी वर्षभर टोमणे मारतात, आणि ड्वेनला लोकलाज फार. बाटली द्यायची, भावाला मिठी मारायची, तो विरघळला की आईला डोळे भरून बघायचं, असा हा बेत आहे हे क्लेटनने कधीच ओळखलं होतं. बेत त्याला मनापासून पटलाही होता. भावंडांनी किती दिवस तोंड फिरवून बसायचं?

अडत होतं ते वाऱ्यापाशी. खालचा वारा दक्षिणेला नेई, वरचा उत्तरेला. पश्चिमेला नदीपलीकडे नेणारा मधला थर तीन वर्षं लागलाच नव्हता.

आज मैदानावर उड्डाणाला मोकळीक देणारं हिरवं निशाण चढलं. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टातल्या माणसाने शिट्टी फुंकून अंगठा वर केला आणि लॉर्नाचं पिवळं बलून उचललं गेलं. क्लेटन आरव्ही घेऊन खालून धावू लागला.

"मिळाला!" वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला. "सहाशे फुटांवर आहे. सरळ पश्चिमेला चाललेय."

"जपून गं. तारा आहेत तिकडे."

"तारा मला पाठ आहेत. पूल गाठ तू."

क्लेटन गेटपाशी पोचला तेव्हा बलून ड्वेनच्या हिरवळीवर, घरापासून वीस पावलांवर टेकलं होतं. कुंपणापलीकडचे शेजारी टाळ्या वाजवत होते. ड्वेनचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता, पण एवढ्या लोकांदेखत करतो काय! त्याने कुत्री बांधली आणि गेट उघडलं.

"आरव्ही पार पोर्चला लाव," लॉर्ना ओरडली. "सामान चढवायला सोपं पडेल."

"अगं, त्यांची फुलझाडं—"

"लाव म्हटलं ना!"

क्लेटनने फुलझाडं वाचवत आरव्ही पायऱ्यांना भिडवली. लॉर्नाने भावाला मिठी मारली, बाटली दिली, वर त्याच्या पोटावर टपली मारली. "सुटलायस रे!" ड्वेन चक्क हसला. क्लेटनला भरून आलं.

मग आवराआवर. आडवं पडलेलं बलून अजून धान्याच्या कोठाराएवढं फुगलेलं होतं. लॉर्नाने ड्वेनला पार पलीकडच्या टोकाला नेऊन शेंड्याचा दोर त्याच्या हातात दिला. "घट्ट धर. सोडलास तर लोळेल सगळं." क्लेटनला तिने मध्ये कापड दाबून हवा काढायला बसवलं. "मी गाडीतून बलूनची पिशवी आणते," म्हणाली आणि गेली.

पिशवी आणायला तिला बराच वेळ लागला. ड्वेन दोर ओढून घामाघूम झाला. पण तिकडे शेजारी बघत होते, म्हणून हूं की चूं केलं नाही.

सगळं ट्रेलरमध्ये चढल्यावर क्लेटनला राहवेना. "ड्वेन, अरे, आईंना दोन मिनिटं भेटू दे हिला."

"आई झोपलीय," ड्वेन म्हणाला.

"झोपू दे मग," लॉर्ना म्हणाली. "चल क्लेटन."

क्लेटन तिच्याकडे बघतच राहिला. चार वर्षं ज्या बाईने उशा भिजवल्या, ती ही? तिने भावाच्या गालाचा मुका घेतला, शेजाऱ्यांना हात केला आणि गाडीत बसली. क्लेटनने दार धाडकन आपटलं.

"शाबास! दारात जाऊन नुसती परत येतेस? हात जोडले असतेस, रडली असतीस, निदान त्याला चार शिव्या तरी हासडल्या असत्यास!"

"आधी गेटबाहेर काढ गाडी."

"कसली माणसं आहात तुम्ही! ती म्हातारी आत एकटी—"

"काढ गाडी, क्लेटन."

त्याने रागारागाने गाडी रस्त्यावर घेतली. आरशात ड्वेन गेटला कुलूप घालताना दिसला.

"क्लेटन, बडबड पुरे, गाडी पळव," मागच्या पलंगाचा पडदा सारत सासूबाई म्हणाल्या. "चार ऑक्टोबर झाले, रोज सकाळी हा कोट चढवून मी आकाशाकडे बघत बसलेय."