वाकून चालणारा

"बाबा, वाकून चालणारा माणूस चोरच असतो का?"

हा प्रश्न थेट जेवताना विचारायची पैज मैत्रिणींनी उनाइसीशी लावली होती. त्यांच्यातल्याच मेरेओनीचा भाऊ आज दरोड्याच्या खटल्यातलं अपील हरला होता आणि त्याची आठ वर्षांची शिक्षा कायम झाली होती. दोन मित्रांबरोबर तो एका घरी गेला आणि त्या दोघांनी ते घर लुटलं. त्यांचा बेत मला माहीतच नव्हता, असं तो सांगत राहिला. पण कॅमेऱ्यात तो बैठकीच्या खोलीतून वाकून जाताना दिसत होता. तोंड लपवायला वाकला, म्हणजे लुटायच्याच हेतूने आला, असं सरकारी वकिलांनी परदेशातून फिजीत आलेल्या न्यायमूर्तींना पटवून दिलं.

सरकारी वकील म्हणजे उनाइसीचे बाबा.

"अगं, वागण्यावरूनच हेतू ओळखायचा असतो," बाबा माशाचे काटे काढत म्हणाले. "माणसाच्या पोटात शिरून कोण बघणार?"

"पण तिथे चटईवर त्या घरातले आजोबा बसले होते ना? बसलेल्या मोठ्यांसमोरून अख्खं फिजी वाकून जातं!"

"ते मला ठाऊक आहे गं. न्यायमूर्तींनी कुठे विचारलं?" बाबा खुशीत हसले.

उनाइसीने हातातला उकडलेल्या कसावा कंदाचा तुकडा ताटात टाकला. ताट उचलून ती उठली आणि बाबांच्या पुढ्यातून ताठ मानेने निघाली.

"अगं ए, वाक की! बाबा बसलेत!" आई ओरडली.

 

 

"नाही आई, आजपासून या घरात मी वाकणार नाही. बाबांना उगाच माझ्यात दरोडेखोर दिसायचा."