आयरीसची बंदूक

ऑर्विलने चाप ओढला आणि बंदुकीतून नुसतं ‘फट्’ झालं. खांद्याला धक्का नाही, कानाला दणका नाही. त्याने सवयीने नळीमागचा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, मागे ओढला, रिकामी पुंगळी टेबलावर पडली, आणि त्याने डब्यातलं पुढचं काडतूस उचलून आत ठेवलं.

"बाबा, थांबा!"

डॅरलीन दुर्बिणीपासून उठली ती जवळजवळ त्याच्या अंगावरच आली. बोल्ट पुढे सरकायच्या आत तिने बापाची मूठ दाबून धरली.

"निशाणाच्या कागदावर भोक नाहीये. गोळी गेली कुठे?"

ऑर्विलने दूरच्या कागदाकडे पाहिलं, मग हातातल्या बंदुकीकडे. "नळीत असेल," तो म्हणाला. नळाला आज पाणी नाही असं सांगावं, तसं.

तिने काडतूस काढून घेतलं, बोल्ट उपसून बाजूला ठेवला आणि नळी साफ करायची सळई पुढच्या तोंडातून आत घातली. सळई सरसर गेली आणि वीतभर उरली असताना ठक्कन अडली.

घरी काडतुसं भरताना एखाद्या पुंगळीत दारू घालायची राहून गेली की असं होतं. पुंगळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी असते, तिच्या नुसत्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकून बसते. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुटते, आणि दस्त्याला गाल लावून बसलेल्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको. मॉन्टानात हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. या गावातल्या निम्म्या पोरांना तर ते ऑर्विलनेच शिकवलं होतं.

बंदूक आयरीसची. मोठी घे, एल्क हरीण म्हणजे काही ससा नव्हे, म्हणून ऑर्विलने दुकानात बायकोचं डोकं खाल्लं होतं. "खांदा माझा, बंदूकही मीच निवडणार," म्हणत तिने ही हलकी, अक्रोडी दस्त्याची उचलली आणि पुढे त्याच बंदुकीने एकेका गोळीत एल्क आडवे केले. फेब्रुवारीत ती गेली. आता शिकारीसाठी डॅरलीनने घरातल्या सगळ्या बंदुका खांद्याला लावून पाहिल्या आणि शेवटी हीच घेतली. आयरीस वापरायची ती गोळी बाजारात मिळेनाशी झाली होती. म्हणून नवी गोळी, आणि दारू जरा जरा वाढवत कुठलं माप या बंदुकीला मानवतं, कुठल्या मापाला भोकं एकमेकांना चिकटून पडतात, ते शोधणं आलं. काडतुसं भरून द्याल का, असं लेकीने विचारलं तेव्हा ऑर्विल हो म्हणाला. नाही म्हणायलाही थोडा जोर लागतो, आणि तो त्याच्यात उरला नव्हता.

"बाबा, तो फुसका आवाज तुम्हाला ऐकू आला होता ना?"

"आला होता."

"मग?"

ऑर्विलने विचार केला. खोटं बोलायचंही त्याला सुचलं नाही. "काही वाटलं नाही," तो म्हणाला. "हात आपोआप गेला."

डॅरलीन सळई पुसत राहिली. पुसण्यासारखं त्या सळईवर काही नव्हतं. "आणि गोळ्या बसवायच्या आधी पुंगळ्यांत टॉर्च मारून बघितलं होतंत?"

"ते तुझी आई बघायची."

पुंगळ्या फळीत ओळीने उभ्या करून त्याने दारू भरायची, आणि तिने प्रत्येकीत टॉर्च मारून डोकवायचं. एखादीत जास्त नाही ना, एखादी कोरडी नाही ना. "तू तुझ्या डोळ्यांनी भरलंस, आता माझ्या डोळ्यांनी बघू दे," असं ती दर वेळी म्हणायची, आणि तो दर वेळी वैतागायचा. इतक्या वर्षांत तिला एकही रिकामी सापडली नव्हती. या खेपेला भरून झाल्यावर फळी त्याने शेजारच्या, तिच्या रिकाम्या स्टुलापुढे सरकवली होती. मग थोड्या वेळाने तशीच परत ओढून घेतली होती.

"मला माहितीय आई बघायची," डॅरलीन म्हणाली. "म्हणूनच विचारतेय."

ऑर्विल डब्याकडे पाहत होता. एका मापाची निम्मी काडतुसं त्याने झाडायची आणि निम्मी तिने, असं ठरलं होतं. त्याच्या वाटणीचं एकच राहिलं होतं.

"आणखी एक, आणि पुढची तुझी होती," तो म्हणाला.

"हो."

"ही रिकामी आणखी दोन काडतुसं मागे राहिली असती, तर तुझ्या वाट्याला..."

"बाबा, पुरे."

तेव्हा कुठे त्याचे हात थरथरायला लागले. त्याने ते मांड्यांखाली दाबले, तरी थांबेनात. महिन्यांमागून महिने त्याला कशाचंच काही वाटलं नव्हतं. आता भीती वाटली, आणि ती सगळी एकदम वाटली. डॅरलीन त्याच्या शेजारी बसली. समजूत घालणं तिला जमायचं नाही. ते तिच्या आईलाही कधी जमलं नव्हतं.

मग तिने काडतुसांचा डबा बंद केला. "ही सगळी घरी नेऊन उघडायची," ती म्हणाली. "आणि परत भरायची."

"तू भर. माझ्या हातची आता नको."

"भरायची तुम्हीच. मी आईच्या जागी बसते."

सामानाच्या पेटीत, तेलाच्या चिंध्यांखाली, आयरीसचा टॉर्च होता. डॅरलीनने तो काढून बटण सरकवलं. भर उन्हात काही कळेना, म्हणून तिने बापाचा हात मांडीखालून ओढून काढला आणि थरथरत्या तळव्यावर टॉर्च टेकवून पाहिलं. उजेड नव्हता.

ऑर्विलने टॉर्च तिच्याकडून घेतला, मागचं झाकण फिरवलं आणि आत डोकावून पाहिलं.

"सेल गेलेत," तो म्हणाला. "जाताना नवे घेऊ."