मधली जागा

"हा कॉक्स बाजारचा किनारा नव्हे." मोतालेब मियाँनी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. "समुद्रावरचं ऊन उजवीकडून येतंय आणि मुलाच्या नाकाची सावलीही उजवीकडेच पडलीय. पोरगा घराच्या गच्चीवर उभा होता. समुद्र मागाहून आणलाय."

कुद्दूस घटकाने तोंडातलं पान दुसऱ्या गालात सरकवलं. साऱ्या मयमनसिंहात लग्नं जुळवणारा हा माणूस या फोटो स्टुडिओतून मात्र हात हलवत परत जायचा. "मोतालेब भाई, मुलाला समुद्राशी नाही, तुमच्या शिउलीशी निकाह करायचाय."

"जो समुद्र खोटा आणतो, तो पगारही खोटा सांगेल."

पुढच्या फोटोतल्या मुलाची उंची वाढवली होती. त्याच्याबरोबर मागचं दारही ताणलं गेलं होतं. तोही बाद झाला.

स्वतः मियाँ दिवसभर दुसरं काय करत? दुबईतल्या नवऱ्यांना फोटोतून कापून इथल्या बायकांशेजारी बसवत, सावळ्या पोरींना उजळ करून देत. पण तो धंदा झाला. धाकट्या बहिणीचं, मिनाराचं लग्न त्यांच्या वडिलांनी फोटो पाहून ठरवलं होतं. फोटो खरा होता, फक्त फार जुना. गाडीतून उतरलेला नवरा वडिलांच्याच वयाचा निघाला. तेव्हापासून एकही फोटो मियाँना फसवू शकला नव्हता, आणि शिउलीचं लग्नही ठरलं नव्हतं.

शिउली शेजारच्या टेबलावर माउस सरकवत कुणा नवरीचे केस मागच्या भिंतीपासून सोडवत होती. कापायला तिला बापानेच शिकवलं, पण आता तिचा हात बापापेक्षा बारीक चाले. दर्शनी काचेच्या कपाटात तिने कापलेला आईचा फोटो होता. झिरझिरीत पदराची कड धाग्याधाग्याने सोडवलेली, डाव्या गालावर उतरतं ऊन, मागे स्वच्छ पांढरं. गिऱ्हाईक आलं की मियाँ तो दाखवत. "ही आमची बेगम. कापल्याची खूण शोधून दाखवा."

घटकाला दिलेला स्वतःचा फोटोही शिउलीनेच कापला होता. "एक खांदा असा खाल्ल्यासारखा का गं?" बापाने तेव्हा विचारलं होतं.

"मधे कुणीतरी आलं होतं, आब्बा."

कुद्दूसने आता शेवटचा फोटो पुढे केला. मुलाचं नाव रायहान, शंभूगंजच्या शाळेत गणित शिकवतो. मियाँनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. पाठीमागे नुसतं पांढरं. रंग आहे तसा. कपाळावरचा वणही तसाच ठेवलेला.

"घोळक्यातून काढलाय, खांद्याचा तुकडा गेलाय," ते म्हणाले. "पण वरून घातलेलं काही नाही. आणि कापलाय झकास. कुणी कापला?"

"मला काय विचारता? मी जोडणारा. कापणारे तुम्ही."

शिउलीने मान वर केली नाही.

घरी बेगम हासना बानूंनी नाक मुरडलं. "मास्तर? मला नाही पसंत. दिवसभर शिकवणीची पोरं येणार आणि माझी लेक चहाच करत बसणार."

"तुला माणसांतलं काय कळतं? कपाळावरचा वण न झाकता मुलगी मागतो, तो माणूस सरळ."

"शिउलीचे आब्बा, मी नाही म्हणून ठेवलंय. उद्या मला बोल लावू नका."

झालं. मियाँ हट्टाला पेटले. शिउलीला विचारलं तर ती म्हणाली, "आम्मा म्हणेल तसं." शुक्रवारी मायलेकी नेहमीसारख्या नदीकाठच्या खालाकडे, हासना बानूंच्या बहिणीकडे, निघाल्या, तेव्हाही ते रिक्षापर्यंत समजावत गेले. शेवटी हासना बानू म्हणाल्या, "बरं बाबा, तुमच्या मनासारखं होऊ दे." मुलगा पाहिला. तो फोटोसारखाच निघाला. साखरपुड्याची पानचिनी झाली, लग्नाची तारीख ठरली.

हळदीच्या मंचामागे लावायचं बॅनर मियाँनी स्वतःच करायला घेतलं. मायलेकी साड्या घ्यायला बाजारात गेल्या होत्या. मियाँनी पडद्यावर रायहानला डावीकडे ठेवलं, शिउलीला उजवीकडे. दोघांचे खाल्लेले खांदे समोरासमोर आले.

मियाँ थबकले. दोघांना आणखी जवळ सरकवलं. उंची जुळली, ऊनही जुळलं. पण खांद्याला खांदा काही लागेना. मधे एक पांढरी जागा उरत होती. खाली रुंद, वर निमुळती, कडेने घड्या पडलेली, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी.

त्यांनी त्या जागेची कड बोटाने पडद्यावर गिरवली. मग सावकाश मान वळवून त्यांनी काचेच्या कपाटाकडे पाहिलं.

शिउलीच्या कामांतून तो फोटो शोधून त्यांनी मधे सरकवला. हासना बानूंचा पदर लेकीच्या खांद्यावर चपखल बसला, दुसरा खांदा जावयाला टेकला, आणि तिघांच्याही डाव्या गालांवर नदीकाठचं एकच ऊन पडलं.