तीन निळ्या रेघा

पंपघराच्या भिंतीवर तिसरी निळी रेघ ओढून झाली आणि रंगारी शिडीवरच थांबला. रेघ दाराच्या चौकटीच्याही हातभर वर गेली होती.

खाली उभी असलेली मंडळाची ताई मोबाईलमधलं चित्र आणि भिंत ताडून पाहत होती. हवामान बदलाचा फटका बसलेल्या वस्त्यांसाठी तिचं मंडळ ठिकठिकाणच्या कंपन्यांकडून ऑनलाइन पैसा उभा करायचं. नाव ‘नवा काठ’. पाणी कितीही वाढलं तरी माणसाला पाय टेकायला जागा मिळावी म्हणून हे नाव, असं तिनं सकाळीच समजावलं होतं. लोगोत तीन निळ्या रेघा, एकीवर एक. खालची काल, मधली आज, वरची उद्या. चढत जातात, म्हणजे प्रगती.

रंगाऱ्यानं तेव्हाच मान खाजवली होती.

या नदीकाठच्या वस्तीत निळी रेघ तोच काढायचा, तीस वर्षांपासून. धरणावरून फोन आला की डबा आणि ब्रश घेऊन धावायचं आणि पाणी जिथवर चढणार तिथे या भिंतीवर रेघ मारायची. रेघेच्या खालच्या घरांनी उठायचं. भोंगा होता, पण ऐन वेळी वीज जायची. रेघेला वीज लागत नव्हती. वीतभर इकडे-तिकडे, याहून जास्त ती कधी चुकली नाही. लोक त्याला रेघकाका म्हणत. पूर ओसरला की तोच चुना मारून ती झाकायचा. म्हणून तर भिंत अशी पांढरी स्वच्छ होती, आणि म्हणूनच ती ताईच्या मनात भरली होती.

त्यानं ताईला हे सांगून पाहिलं. हिरव्या रेघा काढू का, म्हणाला. ताई वाईट नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं, किती छान म्हणाली, आमच्या पुस्तिकेत हे लिहू म्हणाली. पण रंग ठरलेला होता. वरच्या लोकांनी तो वर्षभर वाद घालून ठरवला होता. उद्या पाहुणे येणार, भिंत बघणार आणि बांध उंच करायच्या कागदावर सही करणार. त्या बांधासाठी वस्ती सात वर्षं डोळे लावून बसली होती. रंगाऱ्यानं ब्रश उचलला. लोकांना काय, संध्याकाळी सांगता येईल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

संध्याकाळची वाट कोणी पाहिली नाही. तो खाली उतरून रॉकेलमध्ये ब्रश धूत होता, तेवढ्यात उतारावर भांड्यांचा खडखडाट झाला. डोक्यावर गाद्या घेतलेल्या बायका, शेळी ओढत आणणारा न्हावी, म्हाताऱ्या बापाला खाटेसकट उचलून आणणारे दोघे भाऊ. लख्ख ऊन होतं. नदी खाली तळाशी पडून होती, पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या पुढे त्याची वहिनी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी.

“तीन काढल्या, भाऊजी,” ती धापा टाकत म्हणाली. “एकदम तीन? धरण फुटलं का?”

“काही फुटलं नाही. ते चित्र आहे, वहिनी. मंडळाची खूण.”

“काढली कोणी?”

“मीच.”

“निळ्या रंगानं?”

“त्यांनी दिला तो रंग.”

वहिनी काठीवर भार टाकून भिंतीकडे बघत राहिली. मागे गर्दी साचली. रंगाऱ्यानं सगळ्यांना अर्थ समजावला. खालची काल, मधली आज, वरची उद्या. सांगताना त्याचा आवाज त्यालाच परका वाटत होता. न्हाव्यानं विचारलं, उद्या दारावरून हातभर पाणी जाणार ही प्रगती कुणाची, माशांची का? कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळ्यांनाच हसू फुटलं. गाद्या खाली उतरल्या. धाकट्या भावानं थोरल्याला चिडवलं, की बापाआधी टीव्ही उचलायला धावला होतास. खाटेवरचा म्हातारा तेवढा हसला नाही. आता परत न्या म्हणाला, हाडं खिळखिळी झाली.

फोनवर बोलत पलीकडे गेलेल्या ताईला परत आल्यावर वाटलं, लोक लोगो बघायला जमलेत. तिनं सगळ्यांना भिंतीपुढे उभं केलं, हसायला सांगितलं आणि चार-पाच फोटो काढले.

लोक पांगू लागले तसा रंगारी वहिनीजवळ गेला. पेटी मी पोचवतो म्हणाला. तिनं पेटी दिली नाही. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, की यापुढे पाणी येणार असेल तेव्हा लाल रेघ काढत जाईन.

“काढा की,” वहिनी म्हणाली. “पण लाल कोणाची आहे ते आधी विचारून घ्या. माझे गुडघे उगीच दोनदा चढायचे नाहीत.”

ती उतरणीला लागली. तिच्यामागून गाद्या, शेळी, खाट, सगळं आलं तसं परत निघालं. पंपघरावरून जाताना मान वर करून भिंत बघायची, ही त्या वस्तीची जुनी खोड. बोलता बोलता, भांडता भांडतासुद्धा एकदा बघायचीच. रंगारी ओला ब्रश हातात धरून एकेकाची मान बघत उभा राहिला.

एकही वर झाली नाही.