निरोगी ओळ

"ही ओळ पुन्हा करावी लागेल," डॉक्टर म्हणाला.

टाकेबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पोटच्या मुलाच्या वयाचा हा माणूस, आणि एकाच ओळीला तिसऱ्यांदा नाक मुरडत होता. भूमितीचा पेपर तपासावा तशी स्टीलची पट्टी कापडावर सुईनं भरलेल्या अक्षरांवर ठेवून तो वाकून बघत होता. मनातल्या मनात त्यांनी त्याचं नाव 'फूटपट्टी' ठेवलं होतं.

काम मात्र त्यांना जीव लावण्यासारखं वाटलं होतं. मेंदूच्या एका आजारावर फूटपट्टीचं संशोधन चालू होतं. त्या आजारात हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी माणसाचं अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं. रोग्यांनी कागदावर लिहिलेलं एकच वाक्य, 'आज हवा चांगली आहे', टाकेबाईंनी ज्याच्या त्याच्या अक्षरात वेगवेगळ्या कापडावर भरायचं होतं. वर निरोगी माणसाची ओळ, खाली रोग्यांच्या. सगळं जोडून इस्पितळाच्या दालनात लागणार होतं, कोपऱ्यात त्यांच्या नावासकट. जन्मभर लोकांचे उशांचे अभ्रे भरले, पण त्यांवर कधी कुणी त्यांचं नाव घातलं नव्हतं.

रोग्यांच्या ओळी फूटपट्टीनं पहिल्या फटक्यात पसंत केल्या. "हुबेहूब!" म्हणाला होता. घोडं अडलं ते निरोगी ओळीपाशी.

"कागदावर आहे तसंच भरलंय मी!" त्या कडाडल्या.

"काय म्हणालात?" त्यानं कान पुढे केला.

घरी सून बहिरी, इथे हा बहिरा. सोयीचं बहिरेपण नुसतं!

"शेवटची अक्षरं बारीक झालीत, बाई. आधी पेन्सिलनं आखून घेता का?"

"आखून? शिकाऊ मुली आखतात. मी कागद बघते आणि सुई चालवते."

"मग ही एवढी एक ओळ मशीनवर करून घेऊ?"

असं होय! त्याच्या मेव्हणीचं मशीनच्या भरतकामाचं दुकान होतं, हे त्यांच्या कानावर आलं होतं. पाणी कुठे मुरतंय ते आता कळलं. नापास कापड त्यानं नेहमीसारखं खणात ठेवलं. उसवायलासुद्धा परत देत नव्हता!

घरी आल्या त्या धुमसतच. गॅसवर दूध ठेवलं आणि तिथेच स्टुलावर बसून सरावासाठी दुसरं कापड भरायला घेतलं. दोनच अक्षरं झाली असतील, तोच सून जिन्यातून धावत वर आली.

"आई! दुधाचा कोळसा झालाय! खालच्या मजल्यापर्यंत वास सुटलाय आणि तुम्ही शेजारी बसून टाके घालताय?"

"लक्ष कामात होतं माझं."

"मोठ्यानं बोला हो, पुटपुटू नका."

"तू आधी कान धुऊन ये!"

"एकदाचं त्या कापडाशीच लग्न लावून टाका तुमचं," म्हणत सून पातेलं खरवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी टाकेबाई सरळ फूटपट्टीच्या टेबलासमोर जाऊन बसल्या. "इथेच भरते, तुमच्या डोळ्यांदेखत. मग बघू कोण बारीक म्हणतं ते!"

तो हातातलं काम ठेवून समोर बसून राहिला. त्यांनी अख्खी ओळ भरली, दोरा दातानं तोडला आणि कापड त्याच्यापुढे आपटलं.

"घ्या. लावा पट्टी!"

त्यानं पट्टीला हातही लावला नाही. खणातून आधीची तिन्ही कापडं काढली, एकाखाली एक मांडली, सगळ्यांत खाली हे नवं ठेवलं आणि बघत राहिला.

"मेव्हणीला द्यायचं असेल तर तोंडावर सांगा ना! ही नाटकं कशाला?"

ऐकायला तो पुन्हा पुढे वाकला. मग खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"बाई," तो म्हणाला, "या आजारात अक्षराच्याही आधी नाक जातं. घरी काही करपलं, तर तुम्हाला वास येतो का?"