पहिला घास

चौसाळ्याच्या शाळेतल्या भाषण स्पर्धेत ईश्वरीनं आनंदीबाई पेशव्यांवर भाषण ठोकलं. "पुतण्याचा खून हिनंच करवला, असं सगळे म्हणतात. पण पुरावा मागितला की सगळे गप्प! नुसत्या संशयावर एका बाईला अडीचशे वर्षं क्रूर म्हणायचं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या खुर्चीतल्या तिच्या आजीनं, गयाबाईनं, पदरानं डोळे टिपले. "लई खरं बोलली गं माझी नात," ती शेजारणीला म्हणाली. "बिचारी आनंदीबाई!"

संध्याकाळी गयाबाईची धाकटी जाऊ केशरबाई शिऱ्याची ताटली घेऊन आली. गयाबाईचा थोरला पोरगा लहानपणीच उलट्या-जुलाबानं गेला, तेव्हा त्यानं शेवटचं खाल्लं होतं ते केशरबाईच्या हातचं. डॉक्टर म्हणाला पटकी, गाव म्हणालं चुलती. गयाबाईनं गावाचं ऐकलं.

"जिंकलीस म्हणं बाई!" म्हणत केशरबाई उंबऱ्याशी टेकली. तिनं शिऱ्याचा एक घास आपल्या तोंडात घातला, सगळ्यांसमोर गिळला आणि मग ताटली पोरीपुढं सरकवली.

ईश्वरीला हसू आलं. "धाकटे आजी, आणता माझ्यासाठी, आन् दरवेळी पहिला घास तुमीच का म्हणून खाता?"

गयाबाई मान खाली घालून लुगड्यावरचा नसलेला कण झटकत राहिली.

 

"सवय हाय बाळा," केशरबाई म्हणाली, "तुझ्या आजीनं लावलेली."