एडनाबाई उभ्या असतील ते दार

रुग्णवाहिका संसदेच्या आवारात येऊन थांबली, तेव्हा मतदानाची घंटा घणघणायला लागली होती. एडना हॅटनबाईंनी मागचं दार उघडून आत डोकं घातलं.

"डेन्झिल, आहेस ना रे?"

"तू बोलावलंस म्हणून आहे," स्ट्रेचरवरून आवाज आला.

एडनाबाई सरकारपक्षाच्या प्रतोद. सरकार एका मतावर तगलेलं. अशा दिवसांत आजारी सभासदाला आवारापर्यंत आणायचं, त्याचा श्वास चालू आहे एवढं समोरच्या प्रतोदाला दाखवायचं, की पडल्या पडल्या त्याचं मत त्याच्या पक्षाच्या बाजूनं धरलं जायचं, अशी तिथली जुनी रीत. म्हणून विरोधकांचे प्रतोद मेजर लिडेल बाईंच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"छाती हलतेय," मेजर म्हणाले. "धरा तुमचं मत."

"धरू नका." म्हातारा डेन्झिल पास्को कोपरावर उठला. "मला उतरायचंय. आज मी विरोधात देणार आहे."

मेजरांच्या मिशीला पालवी फुटली. बाईंना वाटलं, ताप डोक्यात गेला.

डेन्झिल पास्को आणि विरोधात? सत्तावीस वर्षांत या माणसाचं एक मत पक्षाबाहेर गेलं नव्हतं. त्याच्या मतदारसंघात म्हणायचे, पास्कोऐवजी त्याची टोपी लंडनला पाठवली तरी भागेल, भाडं वाचेल. पास्को स्वतः हे हसून सांगायचा, आणि पुढच्या मताला टोपी घालून हजर.

"अरे, विधेयक आपलं आहे," बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. वाचलं मी."

"वाचलंस?"

"पहिल्यांदाच. खाटेवर पडून दुसरं काय करणार? नर्सबाईंनी आणून दिलं. किनाऱ्यावरचे लहान दवाखाने बंद, असं लिहिलंय त्यात." त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यानं अंगावरचं पांघरूण चिमटीत धरून दाखवलं. "हे आमच्या किनाऱ्यावरच्या पोर्थवेनच्या दवाखान्याचं. ही गाडी तिथलीच. ते विधेयक पास झालं, तर ड्रायव्हर मला परत नेणार कुठं? ज्या खाटेवरून उठून आलो, तिच्यावरच कुऱ्हाड घालू?"

घंटा वाजत होती. ती थांबली की दारं बंद.

"मग उतर," त्या म्हणाल्या. "विरोधात द्यायचं तर पायांनी जावं लागतं. झोपून फक्त निष्ठा चालते."

दवाखान्याच्या झग्यावर ओव्हरकोट, पायांत सपाता, अशा थाटात स्वारी बाईंच्या दंडाला धरून निघाली. सभागृहाबाहेर दोन दारं. एक विधेयकाच्या बाजूचं, एक विरोधाचं; ज्या दारातून माणूस आत जाईल, ते त्याचं मत. दोन्हींकडे माणसं चाललेली. तिथं पास्को थबकला.

"एडना, विरोधाचं कुठलं गं?"

सत्तावीस वर्षांत त्याला हे विचारायची वेळच आली नव्हती. प्रश्न कुठलाही असो, बाईंचं मोहरीच्या रंगाचं लोकरी जाकीट ज्या दाराशी दिसेल, तिकडे वळायचं. तो तरी एकटा कुठं होता? अख्खा पक्ष त्या जाकिटाच्या खुणेनं चालायचा.

"डावीकडचं, डावीकडचं," मेजर मागून म्हणाले. "शपथेवर सांगतो."

"मेजर, तुम्ही सज्जन आहात," पास्को म्हणाला. "पण समोरच्या पक्षाचे. तुमच्यावर कसा विश्वास ठेवू? एडना सांगेल ते खरं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, मान बारीक झालेली, आणि डोळ्यांत नेहमीचाच भाबडेपणा. उजवीकडे बोट दाखवलं असतं, तर तो बिनबोभाट उजवीकडे गेला असता. विधेयक वाचलं असतं, बाईंचं पदही वाचलं असतं. वर 'थँक्यू' म्हणाला असता. अशा माणसाचा केसानं गळा कापायचा तर हात तरी तसला हवा.

"मेजर खरं बोलतायत," त्या म्हणाल्या. "कधी नव्हे ते."

आणि त्यांनी त्याला डाव्या दाराकडे वळवलं. विचार असा, की त्याला आत सोडायचं आणि तडक आपल्या दाराशी जाऊन उभं राहायचं. पण उंबऱ्यावर पास्कोचा दम संपला. तो चौकटीला टेकला. बाईंनी एका हातानं त्याला सावरलं, दुसऱ्यानं कोटाची बटणं लावायला घेतली. दारात वारा होता.

तेवढ्यात उपाहारगृहातून घंटेच्या धाकानं सरकारपक्षाचा जथा आला. तोंडात केक, हातात वर्तमानपत्र. त्यांनी नेहमीसारखी मान वर करून मोहरीचा रंग शोधला. तो सापडला, आणि सगळे मुकाट्यानं डावीकडे वळले.

"शुभ संध्याकाळ, एडनाबाई."

"गारठा आहे आज."

"काय रे पास्को, बरा झालास वाटतं?"

एकेक जण दोघांच्या बाजूनं अंग चोरून आत जात होता. दवाखान्यांचे मंत्री, ज्यांनी ते विधेयक मांडलं होतं, तेही चष्मा पुसत पुसत गेले. मेजर भिंतीला पाठ लावून उभे होते. एवढा मोठा विजय झेलायला त्यांच्यापाशी हात नव्हते.

"बाईसाहेब," ते कसेबसे म्हणाले, "तुम्ही माझ्या दारात उभ्या आहात."

"माणूस आजारी आहे हो. त्याला टाकून कुठं जाऊ?"

पास्कोला आता श्वास सापडला होता. पुढच्यांच्या पाठी मोजता मोजता त्याचे डोळे भरून आले.

"एडना, माझ्या एवढ्याशा दवाखान्यासाठी गं. इतके बंडखोर आपल्यात होते कधी?"

बाईंनी त्याचं वरचं बटण लावलं आणि कॉलर नीट केली.

"बंडखोर नाहीत रे, राजा," त्या म्हणाल्या. "एकनिष्ठ आहेत. चल आत, उभं राहून गारठशील."